महादूची माती आणि सीतेची वेणी

कमळला दिवस गेल्याचं घरात कळलं, त्याच दिवशी तिच्या बाळंतपणावरून भांडण सुरू झालं, आणि गंमत म्हणजे त्या भांडणात कमळ कुठेच नव्हती. भांडण तिच्या सासूसासऱ्यांचं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेव्हा सातव्यात सून वैशाखऱ्याला जाणार, हे ताराबाईनं धरूनच ठेवलं होतं. आणि नातवंडाचं तोंड पहिल्या दिवशी पाहणार ते मीच, हे महादूनं.

"वैशाखरं घाटाखाली. पावसात काळू नदी आडवी," महादू म्हणाला. "आन मुरबाडची मोटार तर लढाई लागल्यापासून कोळशाच्या धुरावर चालते. चढ आला का मानसांनी उतरून ढकलायची. पोटुशीला ढकलायला लावतेस का गो?"

"पावसाच्या आदी जाईल. बैलगाडीनं."

"आन परत कदी?"

"दिवाळीला. घाई कोनाला हाय?"

घाई कोणाला होती ते घरातल्या मांजरालाही माहीत होतं. पण ताराबाईही मागे हटणाऱ्यातली नव्हती. तिच्या पहिल्या वेळेला नदीला लोंढा आला होता आणि ती याच घरात, याच काळोख्या खोलीत, सासूच्या पहाऱ्यात बाळंत झाली होती. जरा कण्हली तर सासू बाहेरून म्हणे, "आमाला काय झाली नायत का पोरं?" ती गोष्ट ताराबाई कोणाला सांगत नसे. फक्त माहेरी जाणाऱ्या बाईची गाडी दिसली, की ती नजरेआड होईपर्यंत दारात उभी राही.

शेवटी महादूनं मोर्चा सुनेकडे वळवला. ती ओटीवर तांदूळ निवडत बसली होती.

"काय गो सूनबाय, तुज्या वैशाखऱ्यात असं हाय तरी काय, जे आमच्या किन्हवलीत नाय? सांग. मी आनून देतो."

खरं उत्तर 'आई' असं एका शब्दाचं होतं. पण सासऱ्यासमोर ते तोंडातून निघेना. कमळनं सुपातला एक खडा उगाच दोनदा उचलला आणि सुचेल ते बोलून गेली.

"सीतेची वेणी."

कमळच्या माहेरी परसातल्या जांभळीच्या बेचक्यात सीतेची वेणी होती. जाड, पट्ट्यांसारखी पानं, पांढरी बोटांएवढी मुळं, आणि ज्येष्ठ आला की हातभर लोंबणारा फिकट गुलाबी फुलांचा झुपका, एखाद्या पोरीनं न्हाऊन वेणी मोकळी सोडावी तसा. लहानपणी कमळ जांभळीवर चढून त्या फुलांना गाल लावून बसायची आणि आई खालून ओरडायची.

"बस, इतकंच?" महादू हसला. "झाडच हाय ना? मंग लावू. माती आपली हाय."

'माती आपली हाय' हे महादूचं बोलणं साऱ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. माणूस भातशेतीतला. मातीचा चिमटा जिभेवर ठेवून तो सांगायचा, की इथं कोणतं भात येईल आणि कोणतं रुसेल. भाताच्या रोपांसाठी भाजायची जमीन म्हणजे राब, तो त्याच्यासारखा कोणाला भाजता येत नसे. पालापाचोळा किती, शेण किती, राख किती, सगळं त्याच्या हातात बसलेलं. जगात जे काही हिरवं आहे ते चिखलातून येतं, अशी त्याची श्रद्धा होती, आणि चिखलानं त्याला आजवर खोटं पाडलं नव्हतं.

"मिरग निघायच्या आत ती वेणी माज्या अंगनात फुलली, तर बाळंतपन हितंच," त्यानं जाहीर केलं. "नाय फुलली, तर जा खुशाल."

"बोललात?" ताराबाईनं चुलीपुढून विचारलं.

"बोललो."

"शेजारीपाजारी ऐकतात बरं."

"ऐकूंदे. त्यांच्यासाठीच मोठ्यानं बोललो."

कमळनं मान आणखी खाली घातली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते सुपातल्या तांदळांनीच पाहावं, असं होतं. कारण सीतेची वेणी मातीत जगत नाही, हे वैशाखऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

फाल्गुनात तिचा भाऊ नवसू वेणीचं रोप घेऊन आला. ओल्या गोणपाटात गुंडाळून, काखेत तान्हं मूल धरावं तसं. महादूनं खड्डा आधीच खणून ठेवला होता. तळ्यातला काळा गाळ, जुनं शेणखत, वर राबाची राख.

"मामा," नवसू म्हणाला, "हिला मातीत नाय घालत. झाडाच्या खोडाला..."

"नवसू, तुज्या शेतात काय पिकतं रे?"

"नाचनी. वरी."

"भात?"

"थोडं हाय, खालच्या खाचरात."

"थोडं," महादू गोड हसून म्हणाला. "मी जलमभर भात लावतोय. तू पानी पी, दमलास."

नवसू पाणी प्यायला. पांढरीशुभ्र मुळं एकेक करून चिखलात दाबली जाताना त्यानं पाहिली आणि जेवून निघताना दारामागे बहिणीला गाठलं.

"मरनार गो ही."

"मरूंदे," कमळ म्हणाली. "मला मायेरी यायचंय."

नवसूला हे पटलं. वेणी काय, आणखी आणता येईल. तो शीळ घालत गेला.

कमळला मात्र ते दिवसेंदिवस पटेनासं झालं. पाण्याला जाता-येता ते रोप वाटेतच पडे. महादू रोज त्याला घागरभर पाणी घाली, आणि पान पिवळं पडलं की उकिडवा बसून म्हणे, "भूक लागली वाटतं बायला," आणि आणखी एक पाटी शेणखत घाली. कमळ कळशी घेऊन शेजारून जाताना दुसरीकडे बघे. आपण जिंकत आहोत, असं ती स्वतःला सांगे. पण शेतावरच्या वाऱ्याबरोबर त्या चिखलातून कुजका वास आला की ती कळशी खाली ठेवून नाकाला पदर लावी. सासू म्हणे, "होतं असं ह्या दिवसांत."

एका संध्याकाळी नवरा पडवीत दोर वळत बसला होता. गणू बोलायला आळशी आणि ऐकायला तरबेज. कमळ दोराचं दुसरं टोक धरून बसली होती आणि तिच्या तोंडून निघून गेलं.

"गुदमरते ती बिचारी मातीत."

"कोन?"

"वेणी. तिची मुळं मातीतनं पानी पीत नायत. वाऱ्यात लोंबती पायजेत. दव पडलं, धुकं आलं, पावसाचं पानी सालीवरनं वघळलं, का तेवढंच टिपून घेतात आन बाकी येळ सुकी राहतात. सालीच्या भेगंत धूळ बसते, पाला कुजतो, तेवढ्यावर तिचं पोट. झाडाचं पन काय खात नाय ती. नुसती बसायला जागा मागते."

"माती नकोच?"

"माती म्हंजे मरन."

गणूच्या हातातला दोर थांबला. त्यानं बायकोकडे पाहिलं, आणि कमळला आपण काय केलं ते समजलं. ज्या माणसाला तिनं माहेरी जाऊ नये असं सासऱ्याखालोखाल वाटत होतं, त्यालाच तिनं सगळा उपाय पढवला होता.

"मी आपली सहज बोलले," ती म्हणाली.

"मी बी सहज ऐकलं," गणू म्हणाला.

महादू वाशिंदला भाचीच्या लग्नाला गेला, ते गणूचं फावलं. त्यानं खड्ड्यातून रोप उपसलं. मुळांतली निम्मी तपकिरी होऊन लिबलिबीत झाली होती, ती छाटली. आंब्याचा एक खरबरीत ओंडका खड्ड्यात उभा रोवला, रोप त्याच्या माथ्यावर दोरीनं बांधलं, आणि बापाला संशय नको म्हणून ओंडक्याभोवती माती थापून कमरेइतका ओटा उभारला. वरून शेणानं सारवला. मुळांवर नुसती धूळ भुरभुरली.

लग्नाहून परतलेला महादू ओट्याभोवती फिरला.

"ह्ये कशाला रे?"

"पानी साचत व्हतं, बाबा. उंचवटा केला."

महादूनं ओट्याचं सारवण बोटानं दाबून पाहिलं. मग त्यानं लेकाच्या पाठीवर हात ठेवला. "माझ्याच डोक्यात यायला पायजे व्हतं. रक्त हाय रे शेवटी."

चैत्र संपता संपता वेणीनं नवं पान काढलं. महादूनं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. आणि ताराबाईच्या काळजात धस्स झालं. तिचा सगळा भरवसा त्या रोपाच्या मरणावर होता आणि रोप तर बाळसं धरत होतं.

एका दुपारी घर निजलेलं असताना कमळ मागच्या दारी आली, तर सासू हातात तपेलं घेऊन ओट्यापाशी. तपेल्यातल्या भाताच्या पेजेतून वाफा निघत होत्या आणि ती पेज वेणीच्या मुळाशी ओतली जात होती. दोघींची नजरानजर झाली.

"मुंग्या झाल्यात," ताराबाई म्हणाली.

"हो का आत्याबाय."

"लाल."

"वंगाळ असतात लाल."

ताराबाई रिकामं तपेलं घेऊन आत गेली. दारात थबकून, मागे न बघता म्हणाली, "ह्या घरातली एक तरी बाय आईच्या मांडीवर बाळंत होऊंदे. तू नको काळजी करू."

कमळ तिथेच उभी राहिली. सासू तिच्यासाठी लढत होती. असं तिच्यासाठी कोणी लढलं नव्हतं. तिनं नुसतं आत जाऊन निजायचं होतं. ती आत गेली, थंड पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, आणि मुळांवरची चिकट पेज बोटांनी हलकेच धुऊन काढली. पाणी लागताच पांढरी मुळं हळूहळू हिरवी झाली, जशी ती वैशाखऱ्याला धुक्यात व्हायची. कमळला त्या क्षणी स्वतःचा इतका राग आला की तिनं उरलेलं पाणी स्वतःच्याच पायावर ओतलं.

मग तो नेमच झाला. दुपारी सासू पेज ओतायची, सासूच्या मागे सून पाणी ओतायची. सासूला वाटे, रोप एवढं चिवट कसं. सुनेला वाटे, आपण एवढ्या मूर्ख कशा. पेजेचे पांढरे ओघळ ओट्याच्या सारवणावर वाळून राहत.

शेजारची हौसा हे कुंपणावरून बघत होती. तिला दिसलं ते असं: शेणानं सारवलेला उंच ओटा, त्यावर पांढऱ्या रेघा, आणि गरोदर सून रोज भर दुपारी डोक्यावरून पदर घेऊन पाणी घालते. याला नवस म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? हौसाच्या लेकीला लग्नानंतर मूल नव्हतं. तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन वेणीच्या पानाला हळदकुंकू लावलं आणि ओट्यावर मूठभर तांदूळ ठेवले.

"ताराबाय, आमाला बोलली बी नायस गो. एवढं जागृत स्थान घरात असून."

ताराबाईच्या हातात त्या दुपारसाठी काढलेल्या पेजेचं तपेलं होतं. तिनं ते पदराआड लपवलं आणि कानाच्या पाळ्यांना हात लावला. इतके दिवस आपण उकळती पेज ओतली ती कोणावर? त्या दिवसापासून पेज बंद आणि दिवा सुरू. आठवडाभरात वाडीतल्या बायका येऊ लागल्या. कोणी खण ठेवला, कोणी नारळ. महादूला हे आवडलं नाही.

"देव नाय तो," तो नारळ उचलत म्हणायचा. "माती हाय. माजी माती."

"मातीतच तर देव असतो, महादूदा," हौसा म्हणायची, आणि महादू नारळ परत ठेवून देई, कारण त्याचंही मत आतून तेच होतं.

वैशाखात वेणीच्या पानांच्या बेचक्यातून हिरवा तुरा निघाला, मग खाली वळला, मग त्यावर कळ्यांचे ठिपके धरले. महादू गावात ताठ चालू लागला. जयराम नावाचा त्याचा जुना प्रतिस्पर्धी होता. दोघांच्या भातरोपांची दर आवणीला, म्हणजे लावणीच्या वेळी, तुलना व्हायची. त्यानंही ईर्ष्येनं रानातून एक वेणी आणून मातीत लावली होती. ती कुजली. दुसरी आणली. महादूनं त्याला मोठ्या मनानं सल्ला दिला, "शेनखत वाढव." जयरामनं वाढवलं. दुसरी आणखी लवकर कुजली. हौसाचीही कुजली. मारुतीच्या देवळामागे पोरांनी लावलेली कुजली. साऱ्या किन्हवलीत सीतेची वेणी एकाच अंगणात जगली होती, तेव्हा उरलं ते एकच अनुमान.

"दादा," जयराम एका सकाळी रिकामी पाटी घेऊन आला, "मान्य केलं. तुजी माती वेगळी हाय. पाटीभर दे."

हे ऐकायला महादू निम्मं आयुष्य थांबला होता. त्यानं पाटी जयरामच्या हातून स्वतःकडे घेतली.

"ने. दोन ने. आपली मानसं आपन."

मिरग तोंडावर आला होता. गावातले सगळे राब पेरणीच्या तयारीत होते आणि राबाला चांगली माती कोणाला नको? जयरामला मिळाली, हे कळल्यावर दुपारपर्यंत पाट्यांची रांग लागली. हौसा आली, तिच्यासाठी तो प्रसाद होता. महादू ओट्यापाशी उभा राहून स्वतःच्या हातानं फावडं मारत होता आणि माती वाटत होता. त्याच दिवशी तुऱ्याची पहिली फुलं उमलली होती. गणू भाताची गाडी घेऊन गिरणीवर गेला होता, नाहीतर त्यानं काहीतरी केलं असतं. कमळ दारात उभी राहून बघत होती. ओटा कमरेवरून गुडघ्यावर आला. आत आंब्याची साल दिसू लागली. ती पुढे झाली.

"मामंजी, पुरे आता."

"असूंदे गो. हाय आपल्याकडं."

आणखी एक फावडं पडलं, आणि उरलेली माती आपोआप ढासळून खाली बसली. आत ओंडका उभा होता. ओंडक्यावर दोरीनं बांधलेली वेणी होती. तिची मुळं चारी बाजूंनी हवेत लोंबत होती, त्यांना मातीचा कणही चिकटलेला नव्हता, आणि त्यातून फुलांचा झुपका वाऱ्यावर हलत होता.

पाट्या डोक्यावर घेतलेली माणसं होती तिथे थांबली. जयराम ओंडक्याजवळ गेला. खाली वाकून पाहिलं, मागून पाहिलं. मग त्यानं पाटीतली माती हळूच ओट्याच्या जागी परत ओतली.

"दादा," तो म्हणाला, "ही फुलली कशात रे?"

महादूनं हातातलं फावडं खाली ठेवलं. गर्दी पांगायला वेळ लागला, कारण अशी वेळ महादूवर रोज येत नसते आणि ती सोडून जाववत नव्हतं कोणाला.

संध्याकाळी गणू आला, तेव्हा बाप ओटीवर बसला होता आणि चहाचा पेला निवला होता.

"बांधली कोनी?"

"मी," गणू म्हणाला. "मरत व्हती बाबा. तुमी सोडत नव्हता."

"तुला काय ठाऊक मरते का जगते?"

गणूनं बायकोकडे बघितलं नाही, पण न बघण्यानंही ते दिसलंच. महादूची मान सुनेकडे वळली. मध्येच ताराबाई भांडं आपटून म्हणाली, "तिला काय इचारता, मला इचारा. मी पेज ओतत व्हते. उकळती. मंग ते देव निघालं."

"देव नाय ते," महादू थकून म्हणाला. "पेज ओतलीस तरी जगली?"

"तेच तर मला कळेना."

कमळ खांबाला टेकून उभी होती. आता बोलणं भाग होतं.

"मी धुवत व्हते. पानी घालून. रोज."

"तू?" ताराबाई आणि महादू एकदम म्हणाले.

"तुला तर मायेरी जायचं व्हतं," महादू म्हणाला.

"व्हतं."

"मेली असती तर गेली असतीस."

"व्हय मामंजी."

"मंग?"

कमळ ओटीच्या कडेला आली. ती अंगणाकडे बघत राहिली. "लहानपनापासून वळखते मी तिला," ती शेवटी म्हणाली. "समोर मरताना नाय बघवलं."

ताराबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि चुलीच्या धुराला शिव्या दिल्या, चूल पेटलेली नसताना. महादूनं निवलेला चहा एका घोटात संपवला. पैजेचं त्याच्या मनात चाललं होतं. फुलली तर होती. अंगणात फुलली होती. मिरगाच्या आत फुलली होती. बोलल्याप्रमाणे जिंकला तो होता. पण असं जिंकून गावात तोंड कोणतं दाखवायचं?

"गणू," तो म्हणाला, "सकाळी गाडी जोड. पेंढा जादा टाक, हिसके बसतात त्या वाटंला."

"वैशाखऱ्याला?"

"मंग काय शहापूरच्या बाजाराला? मी बी येतो सोबत. ती जांभळी मला बघायचीय. झाडावर कुठंतरी माती असलंच थोडी. असल्याबिगर नाय होत."

"दोन दिवसांत या बरं," ताराबाई म्हणाली. "पेरनी हाय."

दुसऱ्या दिवशी गाडी गेली, गणू त्यांना सोडून परतला आणि महादू जांभळीवर चढला. आठवडाभर तो त्या झाडावर माती शोधत होता. व्याह्यांच्या घरी जावयाच्या बापानं झाडावर बसू नये, असं कमळची आई जनाबाई हळूच सुचवून पाहायची. तो वरूनच म्हणायचा, "जरा थांबा व्हयनी, हितं भेगंत काय तरी काळं हाय." ते काळं म्हणजे कुजलेल्या पानाची चिमूट असायची. तोवर वर घाटावर पाऊस लागला, काळू नदी दुथडी भरली आणि परतीची वाट बंद झाली. दोन दिवसांसाठी आलेला महादू पावसाळाभर सुनेच्या माहेरचा पाहुणा झाला.

आणि त्याचं मत बदललं. जो माणूस एकाच गोष्टीवर जन्मभर विश्वास ठेवतो, तो बदलला की अर्धा बदलत नाही. मातीत काही नाही, सगळं वाऱ्यात आहे, असं त्याला आता दिसू लागलं. नवसूची आवणी चालू असताना तो बांधावर उभा राहून सांगे, "दाट लावू नका रे, वारा लागूंदे." कणगीला त्यानं भोकं पाडली, धान्याला वारा हवा म्हणून. श्रावणात कमळला मुलगी झाली, आईच्या मांडीवर डोकं ठेवून, हवी होती तशी. तिचं तोंड पहिल्या दिवशी पाहणाऱ्यांत महादू होता, आणि त्यानं पाहिल्याबरोबर म्हटलं, "कोंडलीत कशाला पोरीला? दार उघडा."

बाळंतिणीच्या खोलीचं दार उघडायचं नसतं. रंभा सुईण दार लावायची, महादू उघडायचा. शेगडीचा धूर पोरीला होतो म्हणून त्यानं शेगडी बाहेर नेली. पाळणा त्यानं पडवीच्या तुळईला, थेट झोतात बांधला. पोरगी मजेत हातपाय हलवायची आणि आजोबा शेजारी बसून तिला सांगायचे, की अन्न काय, नुसतं निमित्त असतं. जनाबाईच्या डोळ्यांखाली काळं आलं. ती दिवसातून कितीदा तरी जांभळीकडे बघून हात जोडायची. कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही.

नदी उतरली, तशी जनाबाईनं नवसूला हाक मारली. कमळ आत पोरीला पाजत होती. तिला शब्द न शब्द ऐकू येत होता.

"आदी किन्हवलीला जा. बारशाचं आमंत्रन दे. आन ताराबायला माज्या तोंडचा निरोप सांग. म्हनावं, लेक तुमची सून झाली तरी आमाला जड नाय, दिवाळीपर्यंत ठेवते, माघापर्यंत ठेवते. पन व्याह्यांना न्यायला जमंल तेवढ्या लवकर गाडी पाठवा."

"असं सांगू?"

"गोड करून सांग."

नवसू गेला आणि परत आला तेव्हा महादू पाळण्यापाशी दोरी धरून डुलक्या घेत होता. नवसूनं आईला मागच्या दारी नेलं. कमळनं पोरीला खांद्यावर घेतलं आणि दाराशी कान दिला.

"काय बोलली?" जनाबाईनं विचारलं.

"आदी नातीचं नाव काय ठेवनार ते इचारलं. मंग रडली. मंग हसली."

"आन गाडीचं?"

"बोलली, ह्या साली आवनी येळेवर झाली. कोनी सांगायला नव्हतं, तर गणूनं सोता डोकं चालवलं. राब बी चांगला आला. घरात दोन येळा जेवन येळेवर व्हतं." नवसूनं पडवीकडे एकदा बघून घेतलं. "तिनं उलटा निरोप दिलाय. बोलली, सून आन नात दिवाळीआदी पाठवा, मला लय आठवन येते. आमच्या ह्यांना मातर माघापर्यंत ठेवा."